हॉयलुंड गुरुजींचा गणपती

आमच्या मंडळाला मोठेपणाचा ताप चढला तो २००६ साली. त्या वर्षी हॅनोव्हरच्या मेसेत, म्हणजे इथल्या मोठ्या औद्योगिक प्रदर्शनात, भारत भागीदार देश होता. जिकडेतिकडे आपले झेंडे लागले, आणि एरवी सुट्टे पैसे मोजताना वर न बघणारी बेकरीतली बाई मला 'नमस्टे' म्हणाली. मेसे संपली, झेंडे उतरले. इथल्या लाइने नदीवरून नाव घेतलेल्या आमच्या लाइनेतीर मराठी मंडळाच्या अंगात जे शिरलं ते मात्र उतरेना. तोवर आम्ही गणपतीत चर्चचा हॉल घ्यायचो, आरती करायचो, पावभाजी खायचो, खुर्च्या पुसून जागच्या जागी लावायचो आणि घरी जायचो. कुणाची काही तक्रार नव्हती.

"आता आपल्याला लेव्हल वाढवायला हवी," मंडळाचे सेक्रेटरी हृषिकेश म्हणाले.

हृषिकेश गिअरबॉक्सचे इंजिनिअर. माणूस परोपकारी, कुणाचं घर बदलायचं असलं की पहिल्यांदा हे हजर. फक्त कुठलीही गोष्ट आहे तशी राहू देणं त्यांना जमत नाही. माझ्याकडे सत्यनारायणाला आले होते तेव्हा प्रसादाची रांग कुठून वळवली तर निम्म्या वेळात आटपेल, हे त्यांनी मला कागदी रुमालावर काढून दाखवलं होतं.

"आल्झो," अध्यक्ष देवदत्त म्हणाले. देवदत्त मूळचे पुण्याचे, वयाने वडील. ते आधी 'आल्झो' म्हणतात, म्हणजे जर्मनमधलं 'तर मग', आणि मग काय बोलायचं याचा विचार करतात. "लेव्हल म्हणजे नक्की काय रे?"

"यंदा मंडळाचं दहावं वर्ष. प्रत्येक कुटुंबाला गणपतीचं एक ओरिजिनल आर्टवर्क. आणि आर्टिस्टचा जाहीर सत्कार. आर्टिस्ट युरोपियन पाहिजे, पेपरात फोटो येतो." मग ते माझ्याकडे वळले. "वहिनी, तुमचे ते डेन्मार्कचे आजोबा आहेत ना?"

आहेत. त्यांचं नाव प्रेबेन हॉयलुंड.

मी त्यांच्याकडे कशी गेले ते आधी सांगते. माझं जर्मन काही केल्या सुधारत नव्हतं. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, हाताला काहीतरी काम द्या, जीभ आपोआप सुटेल. फोल्क्सहोखशूलेत, म्हणजे इथल्या गावशाळेत मोठ्या माणसांसाठी चालतात त्या वर्गांत, चौकशी केली तर दोनच ठिकाणी जागा शिल्लक होत्या. बेली डान्स आणि तांब्यावरचं कोरीवकाम. मी तांबं निवडलं.

वर्गात पाच-सहा जणं. समोर उंच, वाकलेला, निळ्या एप्रनमधला म्हातारा. त्यांनी पहिल्याच दिवशी मला 'तू' म्हटलं. सगळ्यांनाच म्हणत. डेन्मार्कमध्ये तशीच पद्धत आहे म्हणे. पन्नास वर्षं जर्मनीत काढली तरी ती सवय गेली नव्हती, आणि वर्गातले एक निवृत्त टॅक्स ऑफिसर दर वेळी 'तू' ऐकला की दाढदुखी झाल्यासारखा चेहरा करत. मलाही त्यांनी 'मला प्रेबेन म्हण' सांगितलं. माझ्या तोंडून ते निघेना. शेवटी मी 'गुरुजी' म्हणायला लागले. गुरुपौर्णिमेला मी त्यांच्या पायांना हात लावला, तर माझं काहीतरी खाली पडलंय असं वाटून तेही वाकून शोधायला लागले.

शिकवण्याची रीत अशी, की पहिले कितीतरी आठवडे तांब्याला हातच लावायचा नाही. फक्त कोरणी दगडावर घासून धार लावायची. धार नखावर टेकवायची. घसरली, तर पुन्हा दगड. मला त्याचा त्रास झाला नाही. रोज उठून तेच करायचं, त्याच वेळेला, आणि लगेच काही मिळेल अशी अपेक्षा धरायची नाही, ही सवय मला घरूनच होती. बाकीचे मात्र एकेक करून बेली डान्सला गेले.

मग तांब्याचा पत्रा हातात आला. तेव्हा कळलं की वळणदार रेघ काढायची तर कोरणी वळवायचीच नाही. ती जागच्या जागी धरायची, आणि खाली वाळूच्या उशीवर ठेवलेला पत्रा हळूहळू फिरवायचा. सगळं उलटं कोरायचं, कारण कागदावर ते सुलट उतरतं. गुरुजी अक्षरंसुद्धा आरशातली लिहीत, आणि इतक्या वेगाने, की सरळ लिहिताना कधीकधी त्यांनाच थबकावं लागे.

हृषिकेशनी मला सत्कारासाठी गुरुजींचा परिचय लिहायला सांगितला. 'जीवन आणि कार्य'. मी गुरुजींना विचारत गेले. ते पत्रा पुसता पुसता सांगत गेले.

फ्यून बेटावर जन्म. वडील गाड्यांना नाल ठोकायचे नाहीत, घोड्यांना ठोकायचे, हे त्यांनी मला दोनदा स्पष्ट केलं. चौदाव्या वर्षी कोपनहेगनच्या एका छापखान्यात उमेदवारी. तिथे टपालाची तिकिटं, शेअर सर्टिफिकेटं, सिगारच्या पेट्यांवरची चित्रं छापत. कामाची वाटणी ठरलेली. राजाचा, दर्यावर्द्याचा, शास्त्रज्ञाचा चेहरा कोरणारा कारागीर वेगळा, आणि मागचं सगळं कोरणारा वेगळा. गुरुजी मागचं कोरत. ढग, पाणी, पडद्याच्या चुण्या. अकरा वर्षं त्यांनी समुद्र कोरला. मग गेर्डा नावाच्या मुलीमागे हॅनोव्हरला आले. लग्न केलं, इथल्या छापखान्यात लागले, आणि पुन्हा ढगच कोरले. जर्मन ढग जास्त दाट असतात, एवढाच फरक, असं म्हणाले.

छपाईची पद्धत बदलली, छापखाना बंद झाला. मग आर्ट स्कूलमध्ये शिक्षक. तिथे मुलांना धार लावायला शिकवायचे. एक विद्यार्थी मोठा निघाला. त्याने एक कोरा पत्रा, ओरखडासुद्धा न काढलेला, म्युझियमच्या भिंतीवर टांगला आणि त्याला 'नकार' असं नाव दिलं. म्युझियमने तो कायमचा ठेवून घेतला. उद्घाटनाला गुरुजींना बोलावलं होतं. "पत्रा नीट घासला नव्हता," एवढंच ते त्याबद्दल बोलले. पुढे स्कूलने कोरीवकामाची खोली कॉम्प्युटरला दिली, आणि गुरुजी पेन्शनबरोबर आपलं छापयंत्र घेऊन निघाले. ते यंत्र आता गावशाळेच्या वर्गात. आपल्याकडच्या उसाच्या चरकाचा थोरला भाऊ.

हे सगळं लिहून मी हृषिकेशना दिलं. त्यांनी वाचलं आणि हळहळले.

"वहिनी, ह्यात अवॉर्ड कुठाय?"

"मिळालं नाही."

"एक्झिबिशन?"

"नाही झालं."

"राजघराण्याशी काही कनेक्शन?"

मी आठवून सांगितलं की एकदा त्यांनी हेरिंग माशांच्या डब्यावरच्या लेबलाचा मुकुट कोरला होता.

"मग हेच तर पाहिजे!" हृषिकेश म्हणाले, आणि 'डॅनिश राजमुकुटासाठी कार्य केलेले' असं त्यांनी माझ्यासमोर टाइप केलं.

आता मुख्य गोष्ट. मंडळाचं आमंत्रण घेऊन मी गुरुजींकडे गेले तेव्हा ते यंत्राचा रूळ पुसत होते. मी सांगितलं, आमच्या देवाचं चित्र हवंय, तांब्यावर कोरून.

"ढग कुठे आहेत त्यात?"

"ढग नाहीत. सगळं तुम्हीच करायचं. देवही."

त्यांनी फडकं खाली ठेवलं. "चेहरा?"

"चेहरासुद्धा."

"आणि खाली नाव?"

"तुमचंच."

"लागणार कुठे?"

"आमच्या सगळ्यांच्या घरी. चाळीसेक घरं आहेत. भिंतीवर, समोर दिसेल असं."

त्यांनी एप्रनला हात पुसले. मग म्हणाले, "स्नेलाता," माझं स्नेहलता नाव त्यांच्या तोंडात तसंच बसलं होतं, "माझ्या डाव्या डोळ्याने आता काही दिसत नाही, आणि उजव्याचं डॉक्टर वर्षअखेरपर्यंतचं सांगतात. एका पत्र्यापुरता तो पुरेल. तुमचा देव कोरतो. पण भिंतीवर लावाल ना? ड्रॉवरमध्ये खूप काम पडलंय माझं."

मी म्हटलं, "लावू. मी शब्द देते."

मी शब्द सहसा देत नाही. दिला की तो माझ्या रोजच्या नेमात जाऊन बसतो, आणि नेम मोडणं मला जमत नाही.

चित्राचा नमुना हृषिकेशनी दिला. मंडळाचा नेहमीचा गणपती, डाव्या सोंडेचा, शांत. गुरुजींनी पूर्ण उन्हाळा त्यावर काढला. दुपारी उजेड चांगला असतो म्हणून वर्गाच्या वेळेबाहेरही खिडकीशी बसत. कधी मी डबा नेत असे. एका हाताने ते पत्रा फिरवत, इतका हळू की घड्याळाचा काटा बरा. गणपतीच्या पोटाचा गोलावा त्यांनी तीनदा घासून काढला आणि पुन्हा कोरला. "पोटाचा हा माणूस मला आवडतो," म्हणत, "घाईत दिसत नाही."

छपाईच्या दिवशी मी एकटीच होते. त्यांनी पत्र्यावर शाई चोळली, पुसली, ओला कागद पसरला, चाक फिरवलं. मग कागदाचे दोन कोपरे धरून उचलला आणि उलटा करून माझ्यासमोर ठेवला.

गणपती सुरेख होता. डोळ्यांत माया होती. पोटावर उजेड पडला होता. खाली बारीक, सुलट अक्षरांत सही.

आणि सोंड उजवीकडे.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या एका डोळ्यात जे होतं ते बघून मी एकच शब्द बोलले, "सुंदर." तो खोटा नव्हता.

त्यांनी सगळ्या प्रती काढून दिल्या, प्रत्येकीवर पेन्सिलीने बारीक सही केली, आणि मी ते बाड घेऊन कमिटीच्या बैठकीला गेले.

मंडळ रजिस्टर्ड फेराइन, म्हणजे नोंदलेली संस्था, असल्यामुळे बैठकीचा प्रोटोकोल, म्हणजे इतिवृत्त, लिहावा लागतो, आणि त्या दिवशीचा प्रोटोकोल फार मोठा झाला. आधी कुणाच्या लक्षातच आलं नाही. सगळे 'वॉव' म्हणाले. मग सुमेधा, ज्यांच्याकडे कार्यक्रमाची सजावट असते, त्या किंचाळल्या, "अगो बाई! हा उजव्या सोंडेचा!"

"मग?" अनुपनी विचारलं. अनुप इथल्या एका संस्थेत लेसरवर संशोधन करतात. ते बौद्ध आहेत, पूजेला बसत नाहीत, पण मंडळाचा माइक आणि स्पीकर त्यांच्याशिवाय कुणालाच लावता येत नाही.

"मग काय विचारता? उजवा कडक असतो! सोवळं लागतं त्याला! आमच्याकडे फ्रीजमध्ये सलामी असते हो, डुकराची!"

"आमच्याकडे शनिवारी बिअर असते," कुणीतरी म्हणालं.

"शनिवारीच का?" दुसरं कुणीतरी म्हणालं.

देवदत्त नुसतं 'आल्झो' म्हणाले. त्यांच्या घरी कित्येक वर्षांत निरांजन लागलेलं मी पाहिलेलं नाही; देव्हाऱ्यात राउटर ठेवलाय, तिथे नेटवर्क चांगलं मिळतं म्हणून. पण कडक दैवताचं नाव निघताच त्यांनी सुद्धा चपला काढून बाजूला सारल्या.

"पण ड्रॉइंग तर डावं होतं," सुमेधा म्हणाल्या.

तेव्हा हृषिकेश किंचित खाकरले. "ड्रॉइंग मी फ्लिप करून दिलं होतं. कॉपरवर कोरलेलं छापताना उलटं येतं, मी नेटवर वाचलं होतं. म्हणून आधीच मिरर करून दिलं. आजोबांना कशाला त्रास?"

"पण ते स्वतःच उलटं कोरतात," मी म्हटलं. "साठ वर्षं तेच करतायत."

"मग त्यांनी सांगायला नको?" हृषिकेश म्हणाले. "कम्युनिकेशन गॅप आहे. त्यांच्या साइडने." आणि त्यांनी फळ्यावर माशाच्या काट्यासारखी आकृती काढून चुकीची कारणं लिहायला घेतली. माणूस, यंत्र, पद्धत, साहित्य. 'हृषिकेश' असा काटा त्यात नव्हता.

मी म्हटलं, "अहो, हे कागदावरचं चित्र आहे. याची प्राणप्रतिष्ठा होत नाही. पूजेच्या मूर्तीचे नियम याला लागत नाहीत. नुसतं भिंतीवर लावा, येता जाता बघा."

"वहिनी, ह्याची तुम्ही हंड्रेड पर्सेंट गॅरंटी देता?"

"देवाची गॅरंटी कोण देणार?"

"मग रिस्क आहे," हृषिकेश म्हणाले, आणि प्रोटोकोलमध्ये लिहिलं, 'दैवी कोप : शक्यता कमी, परिणाम मोठा.'

मग उपाय सुरू झाले. एकाने सुचवलं, चित्र आरशासमोर लावावं आणि आरशात बघावं. देवदत्त बराच विचार करून म्हणाले, "आल्झो, तांब्याच्या पत्र्याला दोन बाजू असतातच. मागच्या बाजूने छापलं तर?" यावर कुणी हसलं नाही, हे मला विशेष वाटलं. शेवटी हृषिकेशनीच तोडगा काढला. एक प्रत स्कॅन करायची, कॉम्प्युटरवर उलटवायची, म्हणजे सोंड डावी. त्याचा मोठा फ्लेक्स स्टेजवर, आणि घरोघरी वाटायला छोट्या रंगीत कॉप्या. जरा सोनेरी पण करता येईल.

"आणि ह्या मूळ प्रती?"

"त्या वहिनींकडे. त्यांच्याकडे रोजचं सगळं होतंच. चाळीस काय, शंभर गणपती त्यांना जड नाहीत."

"म्हाताऱ्याला काय सांगणार?" अनुपनी विचारलं. "मला तुमच्या सोंडेतलं काही कळत नाही. पण त्या माणसाला काय सांगणार?"

"काही सांगायचं नाही," हृषिकेश म्हणाले. "त्यांना कुठे कळणार आहे?"

मी तेव्हा बोलले. पण माझा आवाज मुळातच बारीक, प्रोटोकोल लिहिणाऱ्यापर्यंत पोचला नाही. ठराव एकमताने मंजूर झाला असं त्यात लिहिलंय. माझं मतही त्या एकातच धरलंय.

घरी आल्यावर मी बाड देवघराशेजारच्या कपाटावर ठेवलं. शशिकांत, माझे यजमान, ते बघत होते.

"अगं, हे सगळे इथेच राहणार?"

"नाही. कार्यक्रमाच्या दिवशी गाडीत घाला."

"हृषिकेश चिडेल. कमिटीचा ठराव आहे म्हणतेस."

"अहो, ठराव त्यांचा. शब्द माझा आहे. भिंतीवर लावू म्हणून सांगितलंय मी त्यांना."

"लोकांनी घेतल्या नाहीत तर?"

मी कुकर लावला.

सत्काराच्या दिवशी हॉल भरला. हॉल ज्यांचा, ते चर्चचे पाद्री पहिल्या रांगेत. स्थानिक पेपरचा फोटोग्राफरही आला. गुरुजी काळा कोट घालून आले होते. तो गेर्डाच्या अंत्यविधीनंतर पहिल्यांदाच बाहेर काढला असं म्हणाले. एका डोळ्याने ते भिंती न्याहाळत होते, आपलं चित्र कुठे दिसतंय म्हणून.

हृषिकेशनी परिचय वाचला. जर्मनमध्ये, म्हणजे गुरुजींना तो पूर्ण कळत होता. त्यात ते डॅनिश राजमुकुटाचे कलावंत झाले होते, अनेक देशांच्या टपालखात्यांचे सल्लागार झाले होते, आणि म्युझियममधला तो कोरा पत्रा त्यांच्याच प्रेरणेने घडला होता. गुरुजी लक्ष देऊन ऐकत होते. मधेच माझ्याकडे वाकून म्हणाले, "हा कोण आहे? बराच कष्टाळू दिसतो."

मग शाल, मग श्रीफळ. गुरुजींनी नारळ कानाशी नेऊन हलवून बघितला. आणि मग पडदा सरकला.

स्टेजभर सोनेरी गणपती. सोंड डावीकडे. टाळ्या पडल्या. गुरुजी उठले, चालत चालत फ्लेक्सच्या अगदी जवळ गेले, आणि खालच्या कोपऱ्याशी वाकले.

तेव्हा मला दिसलं. चित्र उलटवलं तर त्यातली सहीसुद्धा उलटली होती. कमिटीतल्या एवढ्या इंजिनिअरांपैकी एकाच्याही ते ध्यानात आलं नव्हतं. खाली एक सुंदर, वीतभर उंच, आरशातलं नाव होतं, आणि अख्ख्या हॉलमध्ये ते न अडखळता वाचू शकणारा माणूस एकच होता.

गुरुजी वळले. माइक अनुपनी त्यांच्या हातात दिला.

"हे उलटं आहे," ते म्हणाले.

फोटोग्राफरने कॅमेरा खाली घेतला. सुमेधांनी माझा दंड धरला.

हृषिकेश घामाघूम झाले होते, पण त्यांचं डोकं चालतं, ते मी नाकारत नाही. "या, गेनाऊ! अगदी बरोबर!" ते जोरात म्हणाले. "ही प्रिंट नाहीच! हा पत्रा आहे. मुद्दाम पत्रा दाखवलाय. पत्र्याचा सन्मान!"

गुरुजी त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी पुन्हा फ्लेक्सकडे बघितलं, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मला तिथे बसवेना.

"पत्रा," ते म्हणाले. "साठ वर्षांत कुणी पत्रा दाखवला नव्हता. लोक कागद बघतात. ही बाजू फक्त कोरणारा बघतो. सगळा जन्म मी माझं काम असंच, ह्याच बाजूने पाहिलं. आज पहिल्यांदा दुसऱ्या कुणाबरोबर बघतोय." त्यांनी हृषिकेशचा हात दोन्ही हातांत धरला. "तू फार विचारी मुलगा आहेस."

हॉल उठून उभा राहिला. पाद्रीबाबांनी डोळे पुसले. हृषिकेशनी मान लववून ते सगळं स्वीकारलं. मला वाटतं, तोवर त्यांचा स्वतःचाही त्यावर विश्वास बसला होता.

"आणि आता," गुरुजी माइकमध्ये म्हणाले, "कागद. तो मी स्वतः देणार. एकेका घराला."

हृषिकेश म्हणाले, "कागद... ते नंतर... पोस्टाने..."

देवदत्त म्हणाले, "आल्झो."

मी उठले. शशिकांत आधीच दाराकडे निघाले होते. आम्ही दोघांनी बाड आणून टेबलावर ठेवलं आणि मी वरचा पातळ कागद काढला. गुरुजींनी पहिली प्रत उचलून धरली, उजव्या सोंडेसकट. फोटोग्राफर पुढे सरकला.

"पहिली ह्या मुलाला," गुरुजी म्हणाले.

हृषिकेशनी माझ्याकडे बघितलं. त्यांनी दोन्ही हात पुढे केले. फ्लॅश पडला. मग देवदत्त. मग एकेक कुटुंब. समोर पेपरवाला, शेजारी पाद्री, आणि हातात कागद घेऊन उभा असलेला एका डोळ्याचा म्हातारा, नाही कोण म्हणणार? बैठकीत ज्यांनी हात वर करून नाकारलं होतं, त्यांनी तेच हात जोडून घेतलं. कित्येकांनी कपाळाला लावून घेतलं. सुमेधांची पाळी आली तेव्हा त्या माझ्या कानात म्हणाल्या, "ताई, सलामी आज रात्री संपवून टाकली तर चालेल का?"

"कशी संपवणार, सुमेधा?"

"खाऊन."

मी म्हटलं, "संपवा."

परतीच्या वाटेवर गाडीत मी गुरुजींना खरं सांगितलं. सत्काराच्या वेळी ते बोलण्याची माझी हिंमत नव्हती, आणि न सांगता मला दुसऱ्या दिवशीची पूजा करता आली नसती. सोंडेचं सांगितलं, दोनदा उलटवल्याचं सांगितलं, कडक दैवताचंही सांगितलं. ते बाहेर ट्रामच्या तारांकडे बघत ऐकत होते.

"म्हणजे पत्र्याचा सन्मान वगैरे काही नव्हतं."

"नव्हतं."

"हं." मग थोड्या वेळाने, "पण मी पाहिला तो पत्राच होता. एवढा मोठा. ते काही त्याला परत घेता येणार नाही." आणि ते हसायला लागले. शशिकांतांनी गाडी कडेला थांबवली, इतके हसत होते. मग एकदम गंभीर होऊन विचारलं, "आता लोक त्याला घाबरून ड्रॉवरमध्ये ठेवतील का?"

मी म्हटलं, मी बघते.

पुढचे काही दिवस आमचा फोन थांबला नाही. कडक दैवत घरात आलंय, काय पाळायचं? मी सगळ्यांना एकच सांगितलं. समोरच्या भिंतीवर लावा आणि रोज एकदा त्याच्यासमोर उभे राहा. तेवढंच. एवढंसंच ऐकून बहुतेकांना वाईट वाटलं. त्यांना उपास हवे होते, जप हवा होता, काहीतरी अवघड हवं होतं, जे जमत नाही म्हणून सोडून देता येतं. रोज उभं राहायचं म्हटल्यावर पळवाट सापडेना. एकेका घरात खिळे ठोकल्याच्या बातम्या आल्या. एका घरच्यांनी दुपारच्या शांततेच्या वेळेत ठोकाठोक केली, तर शेजाऱ्याने हाउसमास्टरकडे, म्हणजे इमारतीची देखभाल करणाऱ्याकडे, तक्रार केली.

सगळ्यात शेवटी हृषिकेशचा फोन आला.

"वहिनी, लावलाय. कॉरिडॉरमध्ये. सकाळी उभा राहतो. पण एक विचारायचं होतं." जरा थांबले. "सकाळी मला सात मिनिटांचीच मार्जिन असते. रोजचं रोज करण्यापेक्षा, आठवड्याचं एकदम रविवारी केलं तर? टोटल वेळ तेवढाच भरतो."

"नाही हो," मी म्हटलं. "रोजच."

"रोजच?"

"रोजच."

पलीकडून त्यांच्या मुलीचा, अवनीचा आवाज आला. ती जर्मनमध्ये विचारत होती, की बाबा भिंतीशी काय बोलतो. हृषिकेशनी तिला मराठीत काहीतरी सांगितलं, ते मला ऐकू आलं नाही. मग मला म्हणाले, "बरं. बघतो."

गुरुवारी वर्गात मी गुरुजींना हिशेब दिला. जवळजवळ सगळ्यांकडे लागला. ते पत्रा पुसून, तेल लावून, फ्लॅनेलमध्ये गुंडाळत होते.

"जवळजवळ?"

"देवदत्तांनी लावला नाही अजून. घरात नको म्हणाले. खाली तळघरात, केलरमध्ये ठेवलाय, नीट गुंडाळून."

"केलरमध्ये?" त्यांनी फ्लॅनेल खाली ठेवलं. "तिथे ओल असते. कागदाला बुरशी लागेल." खुंटीवरचा कोट काढून ते बाह्या शोधायला लागले. एक बाही सापडेना, ती मी धरली.

"कुठली ट्राम जाते त्याच्याकडे?" त्यांनी विचारलं.